प्लीहा काढलेल्या माणसाची ‘प्लीहा दुर्बळ’ कशी? चिनी वैद्यकाच्या मूळ कल्पनांबद्दल प्रश्न

देवराई

आयुर्वेदाची पार्श्वभूमी आहे, आता पारंपरिक चिनी वैद्यकाची मूळ तत्त्वं समजून घेतोय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं म्हणजे वू शिंग, म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. पंचमहाभूतांशी यांची जोडी लावायला गेलं की आकाश आणि वायू बाहेर राहतात, लाकूड आणि धातू उरतात.

दुसरं, भूक नसणं, जेवल्यावर पोट फुगणं, शौचाला पातळ होणं, हातपाय गळून जाणं या सगळ्याला तिथे ‘प्लीहेची ची कमी पडली’ म्हणतात. (ची म्हणजे शरीरात फिरणारी, काम करणारी शक्ती, एवढं मला कळलं आहे.) पण पाणथरीचा (म्हणजे प्लीहेचा) पचनाशी संबंध नाही. अपघातानंतर ती काढून टाकलेली माणसं जेवतात आणि पचवतातही. मग हे निदान उभं कशावर आहे?

तिसरं, अंगात ताप, डोकेदुखी आणि सर्दी असलेल्या दोन रुग्णांना दोन अगदी वेगळे काढे दिलेले दिसतात. हा निर्णय नेमका कशावरून होतो?

व्याख्या पुस्तकात आहेत. प्रत्यक्ष वापर कसा होतो ते कुणी सांगितलं तर फार उपयोग होईल.

शमी

वू शिंगपुरतं लिहितो. जोडी लावायचा नाद सोडा, कारण दोन्हीकडचा मूळ प्रश्नच निराळा आहे. पदार्थ कशाचा बनला आहे हे महाभूतं सांगतात, आणि प्रत्येक द्रव्यात पाचही असतात, कमीअधिक. वू शिंग सांगतं की एखादी गोष्ट वागते कशी आणि तिच्यामागून काय येतं. ‘शू जिंग’ या प्राचीन संग्रहात पाचांची ओळख क्रियांनीच करून दिली आहे: पाणी भिजवतं आणि खाली उतरतं, आग भडकते आणि वर चढते, लाकूड वाकतं आणि सरळ होतं, धातू हवा तो आकार घेतो, माती पेरलेलं पिकवते. या क्रियांची मग ऋतूंशी, अवयवांशी, चवींशी सांगड घातली गेली. लाकूड म्हणजे वसंत, यकृत, वारा, आंबट चव, डोळे, स्नायुबंध, राग. माती म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, प्लीहा, दमटपणा, गोड चव, तोंड, मांस, सतत चालणारा विचार.

दोन चक्रं लक्षात ठेवा. पोसण्याचं चक्र लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या क्रमाने फिरतं. आवर घालण्याचं चक्र एक सोडून पुढच्यावर जातं, म्हणजे लाकूड मातीला आवरतं, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला. दवाखान्यात दुसरं चक्र जास्त कामाला येतं. उदाहरणार्थ, ताण आला की पोटात कळ येते, लगेच जुलाब होतो, शौच झालं की कळ थांबते. हे ‘लाकूड मातीवर चढलं’ असं वाचतात. त्यावरच्या थोंग शिए याओ फांग या योगात (औषधांच्या ठरलेल्या मिश्रणात) चारच द्रव्यं आहेत: परतलेलं बाई झू (एका वनस्पतीचं कंदमूळ), परतलेलं बाई शाओ (पांढऱ्या पिओनीचं मूळ), चेन पी (संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल) आणि फांग फेंग (हेही एक मूळच). मूळ प्रमाण ३ : २ : १.५ : १. पहिलं द्रव्य मातीला बळ देतं, दुसरं लाकडाला नरम करतं. सगळा सिद्धान्त त्या प्रमाणातच दिसतो.

पण तक्ता पाठ करून निदान करू नका. पोसण्याच्या चक्रानुसार अग्नी मातीला पोसतो, म्हणजे हृदयाने प्लीहेला ऊब द्यायला हवी. प्रत्यक्षात वैद्य प्लीहेची ऊब मूत्रपिंडाच्या यांगमध्ये (यांग म्हणजे ऊब देणारी, चालना देणारी बाजू) शोधतात. पहाटे अंधारात उठवणारा जुलाब हे त्याचं ठरलेलं लक्षण, आणि त्यावरच्या स्स शेन वान या गोळीत बावची आणि जायफळ ही आपल्या ओळखीची दोन द्रव्यं आहेत. चक्र एक सांगतं, उपचार दुसरीकडे जातो. अशा जागी परंपरेने अनुभवाला मान दिला आहे, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे.

त्रिकटू

प्लीहेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो सुटला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

चिनी वैद्यकात अवयवाचं नाव हे कामांच्या एका गटाचं नाव आहे. प्लीहेच्या नावावर तीन कामं आहेत. अन्नातून सार काढून ते पोचवणं आणि पाण्याचा निचरा करणं हे एक, सार वर चढवणं आणि अवयव जागेवर धरून ठेवणं हे दुसरं, रक्त वाहिन्यांच्या आत राखणं हे तिसरं. पाणथरी काढली तरी ही कामं शरीरात चालूच राहतात, म्हणून ती बिघडूही शकतात. निदान त्या मांसाच्या गोळ्यावर कधी उभंच नव्हतं.

याची उलट बाजूही पाहा. जुन्या हिवतापात पाणथरी खरोखर सुजते, बरगडीखाली हाताला लागते. तिथे चिनी वैद्य ‘प्लीहा दुर्बळ’ असं म्हणत नाहीत. त्या गाठीला ते ‘न्यूए मू’, म्हणजे हिवतापाची आई, म्हणतात आणि ती साकळलेल्या रक्ताची व कफाची गाठ धरून उपचार करतात. प्रत्यक्ष प्लीहा सुजली असतानाही निदानात प्लीहेचं नाव नाही, यावरून कल्पना स्पष्ट होईल.

आता कामं बिघडतात कशी? पहिलं काम ढिलं पडलं की तुम्ही लिहिलेली लक्षणं येतात. जीभ फिकट, फुगीर, कडांवर दातांचे ठसे, वर पातळ पांढरा थर, नाडी दुबळी. इथे स्स जुन्झ थांग (थांग म्हणजे काढा) देतात: जिन्सेंग ९ ग्रॅम, बाई झू ९, फू लिंग (पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी) ९, मधात परतलेलं ज्येष्ठमध ६. चूक नेहमीची अशी होते की रुग्ण थकलेला दिसला म्हणून बळ देणारा योग सरसकट दिला जातो. जिभेवरचा थर जाड आणि चिकट असेल तर आत दमटपणा साचलेला आहे. त्यावर नुसतं जिन्सेंग दिलं की पोट आणखी तटतं, भूक आणखी मरते. म्हणून तिथे चेन पी आणि बान शिया (एक कंद) या दोन द्रव्यांची भर घालून सहा द्रव्यांचा ल्यू जुन्झ थांग करतात. आधी वाट मोकळी करायची, मग भर घालायची.

दुसरं काम ढळलं तर ‘ची’ खाली घसरते. गुदभ्रंश, गर्भाशय उतरणं, उभं राहिल्यावर ओटीपोटात ओढ लागणं ही लक्षणं. त्यावरचा बू झोंग यी ची थांग हा योग ली गाओ (११८०–१२५१) या वैद्याचा. १२३२ साली मंगोलांनी काइफेंगला वेढा घातला होता. तो उठल्यावर शहरात असंख्य माणसं तापाने मेली. इतर वैद्य त्याला बाहेरून आलेली थंडी समजून घामाची आणि रेचक औषधं देत होते. ली गाओचं म्हणणं असं की उपासमार, श्रम आणि धास्ती यांनी प्लीहा-जठर खचलं आहे आणि ताप त्याचा आहे, तेव्हा गोड आणि उष्ण द्रव्यांनी बळ द्या. तापात बळ देणारं औषध देणं ही तेव्हा मोठीच उडी होती. प्लीहा हा चिनी वैद्यकाचा एवढा मोठा विषय झाला, त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

तिसरं काम सुटलं की निळे डाग सहज पडतात, पाळीचा स्राव फिकट आणि लांबत जाणारा होतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. महिनोन्‌महिने थकवा आणि पातळ शौच असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर आधी रक्ततपासणी आणि पोटाची तपासणी. ‘प्लीहा दुर्बळ’ हे नाव थायरॉईडच्या विकारालाही लागू शकतं आणि आतड्याच्या कर्करोगालाही. ते लक्षणांचा आकार सांगतं, आतलं कारण सांगत नाही.

पिंपळपान

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: घाम.

झांग झोंगजिंग याने इसवी सन २०० च्या सुमारास ‘शांग हान लुन’ लिहिलं, थंडीने होणाऱ्या तापांवर. दोन्ही रुग्णांना ताप आहे, डोकं दुखतंय, थंडी वाजतेय, नाडी वरवर लागतेय. म्हणजे रोग बाहेरच्या थरात आहे. एकाला घाम येतोय, वारा सोसवत नाही, नाडी वर पण सैल. दुसऱ्याला घामाचा थेंब नाही, सांधे आणि अंग ठणकतंय, धाप लागतेय, नाडी वर आणि ताठ. पहिल्यात बाहेरचं राखण ढिलं पडून आतला रस गळतोय. दुसऱ्यात थंडीने दार घट्ट लावून घेतलं आहे.

पहिल्याला ग्वे झी थांग: दालचिनीच्या कोवळ्या फांद्या ३ ल्यांग (वजनाचं जुनं माप), शाओ याओ (पिओनीचं मूळ) ३, आलं ३, ज्येष्ठमध २, आणि १२ लाल बोरं. दालचिनी बाहेर ढकलते, शाओ याओ आत सावरतं, दोन्ही सारख्या मापाने. दुसऱ्याला मा ह्वांग थांग: मा ह्वांग (एफेड्रा ही वनस्पती) ३ ल्यांग, दालचिनीच्या फांद्या २, ज्येष्ठमध १, कडू जर्दाळूच्या ७० बिया. यात सावरणारं शाओ याओ नाही, कारण इथे दार उघडायचंच आहे.

अदलाबदल झाली तर? घाम येणाऱ्याला जोराने घाम काढला की तो थांबतच नाही, वारा सोसेनासा होतो, लघवी अडते, हातपाय आखडतात. या अवस्थेसाठी ग्रंथात वेगळा योग दिला आहे, ग्वे झी थांगमध्ये शिजवलेला बचनाग घालून. घाम नसणाऱ्याला ग्वे झी थांग देऊ नका अशी स्पष्ट ताकीदही आहे. मद्यपी माणसालाही नको, त्याला गोड मानवत नाही आणि तो ओकतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची कृती. ७ शंग (द्रव मोजायचं जुनं माप) पाण्यात मंद आचेवर शिजवून ३ शंग उरवायचं, १ शंग कोमट प्यायचं. थोड्या वेळाने गरम, पातळ भाताची पेज शंगभर प्यायची आणि अंगावर पांघरूण घेऊन साधारण दोन तास पडायचं. सगळ्या अंगाला हलका ओलावा यावा. घामाच्या धारा लागल्या तर रोग जात नाही. पहिल्याच मात्रेत घाम येऊन बरं वाटलं तर उरलेलं औषध घ्यायचं नाही. थंड, चिकट, मांस, मद्य, दूधदुभतं बंद. पेज सोडून नुसता काढा दिला तर अर्धा उपचार झाला, कारण घामाला लागणारा रस पेजेतून यायचा असतो.

मापाचा घोळ सांभाळा. हान काळातला ल्यांग सुमारे १४ ते १५ ग्रॅमचा होता आणि शंग सुमारे २०० मिली. आजची पाठ्यपुस्तकं मात्र या योगात ल्यांगाला ३ ग्रॅम धरतात, म्हणून ३ ल्यांगाचे ९ ग्रॅम होतात. जुन्या ग्रंथातला आकडा आणि आजचा ग्रॅम एकमेकांत मिसळले तर मात्रा पाचपट चुकते.

देवराई

फारच स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. नाडी आणि जीभ यांवर इतकं अवलंबून असेल तर नवशिक्याचं चुकतं कुठे? आपल्याकडच्या नाडीपरीक्षेतही तीनच बोटं असतात, ती सवय मदतीला येते की आड? आणि ग्वे झी थांगमधली बरीच द्रव्यं इथल्या बाजारात दिसतात. दालचिनी, आलं, ज्येष्ठमध, खजूर यांवर काम भागेल का?

कोरांटी

आधी जीभ. आपल्याकडे सकाळी जीभ घासायची सवय आहे, आणि तिथेच निम्मी माहिती निघून जाते. तपासणीच्या दिवशी जिभली वापरू नका असं रुग्णाला आदल्या दिवशी सांगावं लागतं. चहा-कॉफीने थर पिवळा-तपकिरी दिसतो, हळदीने पिवळा, जांभळाने जीभ जांभळी पडते आणि नवशिका ‘रक्त साकळलं’ असं लिहून मोकळा होतो. पानाचं तर विचारूच नका. जीभ दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या दिव्याखाली नको. सैल बाहेर काढायला सांगा आणि १०-१५ सेकंदांत आत घेऊ द्या. ताणून धरली की ती लाल, मग काळपट होते. पुन्हा बघायची तर मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. टोक हृदयाचं, त्यामागे फुप्फुस, कडा यकृत-पित्ताशयाच्या, मध्य प्लीहा-जठराचा, मूळ मूत्रपिंडाचं. आधी मांसाचा रंग, मग थर, हा क्रम मोडू नका. मांस सावकाश बदलतं, थर दोन दिवसांत बदलतो.

नाडीत तुमची सवय आधी आडच येईल. जागा तीच, पण वाचन वेगळं. आयुर्वेदात तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. इथे दोन्ही मनगटं बघतात आणि प्रत्येक बोटाखाली एक अवयव येतो. डावीकडे हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजवीकडे फुप्फुस, प्लीहा आणि मूत्रपिंडाचं यांग. बोटं ठेवण्याची रीतही निराळी. अंगठ्याच्या बाजूला मनगटाचं हाड जिथे उंच लागतं, त्याच्या आतल्या बाजूला आधी मधलं बोट टेकवा, मग तळव्याकडे तर्जनी आणि कोपराकडे अनामिका. रुग्ण उंच असेल तर बोटं थोडी फाकवा, लहान मुलाला एकच बोट पुरतं. हलका, मध्यम आणि खोल अशा तीन दाबांनी बघा. ग्वे झी थांगची ‘वर’ लागणारी नाडी हलक्या दाबाला भरते आणि दाबलं की कमी होते.

गती स्वतःच्या श्वासावर मोजायची रीत आहे. एका श्वासाला ४ ते ५ ठोके ही साधारण गती, चारांच्या खाली मंद, पाचांच्या वर जलद. त्यामुळे वैद्य धावतपळत आलेला असेल तर मोजमापच बिघडतं. रुग्णाला ५-१० मिनिटं बसवा, घड्याळ काढायला लावा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, निदान ५० ठोके बघा. आजच्या काळातली चूक वेगळी आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधाने मंद झालेली असते, आणि ती ‘थंडी’ म्हणून वाचली जाते. गोळ्यांची यादी आधी मागा.

पिंपळपान

@देवराई, द्रव्यांबद्दल. आलं चालतं, ते तेच आहे. आलं आणि सुंठ हा भेद चिनी वैद्यकातही कडक आहे: आलं रोगाला घामावाटे बाहेर काढतं आणि ओकारी थांबवतं, सुंठ पोट तापवते. ग्वे झी थांगमध्ये सुंठ घातली तर योगाची दिशा बदलते. दालचिनीचंही तसंच. स्वयंपाकातली ती साल असते, योगात कोवळ्या फांद्या हव्यात. साल जड आणि जास्त गरम, ती आत आणि खाली जाते. खजूर तर अजिबात नको. ‘रेड डेट’ या नावाने विकलं जातं ते खजुरीचं फळ नसून बोराच्या कुळातलं फळ आहे, आणि आपलं बोर त्याचं जवळचं भावंड लागतं. शाओ याओ, म्हणजे पांढऱ्या पिओनीचं मूळ, त्याला इथे पर्याय नाही. त्याच्याशिवाय हा योग उरत नाही.

काढा मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, लोखंड-तांबं-ॲल्युमिनियम टाळून. आधी अर्धा तास गार पाण्यात भिजवायचं, पाणी द्रव्यांच्या वर दोन बोटं. घाम आणणारी द्रव्यं उकळी आल्यावर १०-१५ मिनिटं पुरेत, जास्त शिजवली की सुगंधी तेल उडून जातं. बळ देणारी ४० मिनिटं ते तासभर. दोनदा काढून दोन्ही एकत्र करायचे.

मा ह्वांगचा प्रयोग घरी करू नका. त्यात एफेड्रिन असतं. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटची तक्रार असलेल्याला त्याने थेट अपाय होतो, आणि अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. ज्येष्ठमध सलग काही आठवडे घेतलं तर पोटॅशियम घटतं, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेल्याने दान शेन (लाल सेज या वनस्पतीचं मूळ) टाळावं, रक्तस्राव होतो. बचनाग पुरेसा शिजला नसेल तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो.

आणि नावांच्या सारखेपणाने घात होतो हे विसरू नका. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत हान फांग जी या मुळाऐवजी ग्वांग फांग जी हे वेगळ्याच वनस्पतीचं मूळ गेलं. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. विकत घेताना पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग, दोन्ही छापलेले नसतील तर ते पाकीट घेऊ नका.